आकडे कापलेलं पुस्तक

ये, अशी जवळ बस. तू पुण्यात आणि मी बावड्यात, तरी मनानं का होईना, बस. लांबून बोललेलं मला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि फोनवर तर तू अशी बोलतेस जशी मागं तुझी बस सुटायला लागलीय. बसलीस? मग आता आधी बोलणी खा. दिवाळीला आली नाहीस, परीक्षा होती. मे महिन्यात आली नाहीस, क्लास होता. आणि परवा फोन केलास तो काय सांगायला, तर म्हणे, "आजी, ते खांबाचं पुस्तक वाचलं गं. त्यातलं सायन्स सगळं चुकलंय."

एवढ्या थंडीत माणूस जगायचाच नाही, हवासुद्धा गोठून खाली पडेल, आणि तेवढ्या लांबच्या ग्रहावर यान पोचायचं तर पिढ्यान्‌ पिढ्या जातील. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षात एवढं शिकलीस, बरं झालं. फी वाया जात नाही म्हणायची. पण प्रज्ञे, हवा गोठते का नाही ते बघायला मी ते पुस्तक कधी वाचलंच नव्हतं. आणि सायन्सबद्दल एवढं बोललीस, शेवटाबद्दल मात्र एक अक्षर काढलं नाहीस. मला राग आला तो त्याचा. राग म्हणजे तरी काय, भीतीच. म्हातारपणी भीतीला राग म्हणायची सवय लागते.

आज चार दिवस पाऊस उघडलेला नाही. पत्र्यावर एकसारखा आवाज, भिंतीला ओल, दोरीवर कालचीच लुगडी. तुझे आजोबा सकाळपासून तिसऱ्यांदा छत्री घेऊन मागच्या ओढ्यावर गेलेत. येतात, पाय पुसतात, मी काही विचारायच्या आधीच म्हणतात, "हाय तितकंच हाय." आणि कप खाली ठेवला की पुन्हा निघतात. तितकंच असतं तर माणूस तीनदा कशाला जाईल?

दोन हजार पाच सालीसुद्धा ते असंच म्हणत होते.

पण ते सांगायच्या आधी बाबांचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुला काही कळायचं नाही. माझे बाबा छापखान्यात बांधणीला होते. धम्म घेतल्यावर विहारात मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला, तिथं ते तिशीत अक्षरं शिकले. पण पुस्तकं त्यांच्या हाताखालून त्याआधीच हजारांनी गेलेली. आमच्या घरात खळीचा वास असायचा. गव्हाच्या पिठाची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, उंदीर-झुरळ लागू नये म्हणून. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापलेली असतात, त्याच्या घड्या घातल्या की झाला एक फर्मा. असे फर्मे एकावर एक रचून शिवायचे, म्हणजे पुस्तक. घड्या घालायचं काम बाबा घरी आणायचे. आई, मी आणि धाकटा भाऊ, तिघं मिळून हाडाच्या पट्टीनं घड्या दाबायचो. माझी शाळा चौथीत सुटली, पण वाचन सुटलं नाही ते या घड्यांमुळं. घडी घालता घालता चोरून वाचायचं. मोठ्या कागदावर पानं उलटीसुलटी छापलेली, म्हणून एक ओळ सुलटी वाचायची, दुसरीला मान वाकडी करायची. आई म्हणायची, "मान मोडंल, मग कोण करून घेणार तुला?"

माझ्या लग्नाआधीच्या पावसाळ्यात हे पुस्तक घडीला आलं. परक्या देशातल्या कुणीतरी लिहिलेलं, मराठीत आणलेलं. दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावर माणसं राहायला गेलेली असतात. डोंगरावरून बर्फ उतरत असतो, दरसाल थोडा जवळ. पहिल्यांदा आलेल्यांनी वस्तीच्या तोंडाशी एक लोखंडी खांब रोवलेला, त्यावर एक खूण. बर्फ खुणेला लागला तर निघायचं, तोवर नाही. खांबावरचा दिवा लावायला एक म्हातारी. मी तर घड्या घालायच्या विसरले. शहरात, लांबून बावड्याच्या कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेली पोरगी मी, कळंब्याचं तळं म्हणजे माझा समुद्र. आणि एकदम आभाळातली दुसरी वस्ती.

त्याच्या दोन-चार प्रती खराब झाल्या. कुणीतरी घाईत शिवायच्या आधीच गठ्ठा कटिंगच्या मशीनखाली लावला आणि पातं खालच्या अंगाला बसलं. पानांचे आकडे उडाले, फर्म्यांचे आकडेही उडाले. असले फर्मे रद्दीतच जायचे. मी बाबांच्या मागं लागून एक प्रत मागून घेतली आणि दाभण-दोरा घेऊन स्वतः शिवायला बसले. कव्हर नाही, नाव नाही. आकडे नाहीत म्हटल्यावर क्रम कसा लावायचा? वाक्यावर वाक्य जोडत गेले. या फर्म्याच्या शेवटी "म्हातारीनं हात" एवढंच, मग "पुसले आणि" कुठं आहे ते शोधायचं. बहुतेक सगळे जुळले. एक फर्मा मात्र राहिला. तो नव्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या चांदणीनं सुरू व्हायचा आणि पूर्णविरामानं संपायचा. मागच्या-पुढच्या कुणालाच चिकटेना. त्यात काय होतं, तर बर्फ मागं हटलाय, खाली दरीत गेलेली माणसं परत आलीत आणि म्हातारी सगळ्यांना शेगडीभोवती बसवून गरम गरम वाढतेय.

तो मी शेवटी लावला. दुसरीकडं कुठं लावणार, तूच सांग. त्याच्या आधीच्या फर्म्यात यानं येतात, सगळी वस्ती निघते आणि म्हातारी म्हणते, मी दिवा बघते, तुम्ही व्हा पुढं. मग परत आलेली माणसं त्याच्यानंतरच असणार की.

बाबांनी पुस्तक हातात घेतलं. पाठीवरून बोट फिरवलं. पानं भरभर सोडली, अंगठ्याखालून, बांधणीवाले सोडतात तशी. शेवटच्या फर्म्याशी अंगठा जरासा थांबला. म्हणाले, "शिलाई सरळ हाय. दोरा ढिला सोडू नगं." बस, एवढंच.

तेच पुस्तक ट्रंकेत घालून मी लग्न होऊन इथं आले. सतरा वर्षांच्या मला त्या म्हातारीचा फार राग यायचा. काय हा हट्ट, उठून चालू लागायला काय होतं हिला? आणि लोकांचाही. समोर बर्फ दिसतोय आणि ही माणसं खांबाकडं बघून बसलीत. एवढी शहाणी माणसं, आभाळ ओलांडून आलेली.

तुझी पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना अक्षर येत नव्हतं. पण गोष्टीचा नाद मोठा. शेंगा फोडताना, शेण थापताना मी त्यांना खांबाचं पुस्तक सांगायची. दर पावसाळ्यात एकदा तरी. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. "मंग लोकं येस्तोवर त्या म्हातारीनं खाल्लं काय?" आणि "म्हशी कुठं ठेवल्या त्यांनी?" मी म्हणायची, "आत्ती, तितं म्हशी न्हाईत." त्या म्हणायच्या, "म्हशी न्हाईत आणि वस्ती कशाची ती?" पण शेवट आला की हात थांबायचे. माणसं परत आली, म्हातारीनं सगळ्यांना वाढलं, एवढं ऐकलं की मगच उठायच्या.

आता ते वर्ष. तू तेरा वर्षांची, इथं आमच्यापाशी शाळेला; तुझे आई-पप्पा नुकतेच पुण्याला नोकरीला गेलेले. जूनमध्ये पप्पा आले तेव्हा तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक घेऊन आले. कव्हरवर खांबाचं चित्र. तीच गोष्ट ऐकत वाढलेला तो, लगेच ओळखलं. "आई, तुझं पुस्तक. कव्हरसकट." मी बघितलं, पुसलं आणि तुझ्या कपाटात ठेवून दिलं. उघडलं नाही. माझं होतं की घरात, मी शिवलेलं. कव्हर घालून आलेला माणूस जरा परकाच वाटतो.

जुलै संपत आला आणि आभाळ फाटलं. तुला आठवतं का, त्या दिवसांत सगळं गाव एकच विचारायचं? रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा. "काय पावणं, मच्छिंद्री झाली का?" जुन्या पुलाच्या दगडात माशासारखा आकार आहे, पंचगंगेचं पाणी त्याला टेकलं की मच्छिंद्री झाली म्हणायची. तेव्हा सामान बांधायचं. तोवर नाही. आजोबांच्या वडिलांनी तसंच केलं, त्यांच्या वडिलांनीही. मी दोनदा म्हणाले, निघू या. आजोबांनी टॉवेल झटकला. "मच्छिंद्री झाल्याबिगर बावड्यातलं कोण हाललंय कवा? लोकं हासतील."

खांबाकडं बघत बसलेल्या माणसांना मी सतरा वर्षांची असताना वेडी म्हटलं होतं. त्या सकाळी पुलाकडून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हटकणाऱ्यांत मीही होते, आणि मला एकदाही ते आठवलं नाही.

पाणी पुलाकडून आलंच नाही. सगळ्यांची तोंडं नदीकडं, आणि मागच्या ओढ्याला फूग चढली. नदी ओढ्याचं पाणी घेईना, ते उलटं फिरलं आणि परसातून आत आलं. आवाज नाही, काही नाही. चुलीपुढची राख तरंगताना मी बघितली.

मग धांदल. शाळा उंचावर, तिथं जायचं ठरलं. तू, मी, म्हैस आणि दोन बोचकी. सासूबाईंना चालवत नव्हतं, त्यांना पाठीवर घ्यायचं तर म्हैस कोण धरणार? आजोबा म्हणाले, "आदी आईला नेतो." सासूबाई माडीच्या जिन्यावर बसून म्हणाल्या, "आदी म्हस न्या. म्हस काय हाळी मारत न्हाय. मी मारतो. मी दुसऱ्या खेपंला येतो." आजोबा माझ्याकडं बघत राहिले. आणि प्रज्ञे, मीच म्हणाले, चला. "परत यायचंच हाय की," असं मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. कुठून वाटत होतं, ते दुपारी कळलं.

आम्ही शाळेत पोचलो आणि आजोबा उलटे फिरले. तेवढ्यात रस्ता गेला. ओढ्याच्या पुलावर छातीभर पाणी, ओढ इतकी की तिथं उभ्या पोरांनी त्यांना धरून मागं ओढलं. परत आले तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं. बाकावर बसले आणि म्हणाले, "अर्ध्या तासात येतो म्हणलोतो आईला." फोन मुका झालेला. वर्गात ओल्या गोधड्यांचा वास, व्हरांड्यात मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती, फळ्यावर सातवीचं भूमितीचं चित्र तसंच राहिलेलं. सगळे एकमेकांना विचारत होते, तुमचं कोण राहिलंय? मला कुणी विचारू नये म्हणून मी खिडकीशी तोंड करून बसले.

तू दप्तर उघडलंस. घर सोडताना तू त्यात काय भरलंस, तर कंपास, गणवेश आणि पप्पांनी आणलेलं ते पुस्तक. म्हणालीस, "आजी, वाच तू. तुझा वेळ जाईल." मी घेतलं, कारण हाताला काहीतरी पाहिजे होतं.

वाचायला लागले तशी एकेक माणसं भेटायला लागली, माहेरची भेटावीत तशी. आणि तिसऱ्याच प्रकरणाला ती शेगडी आली. परत आलेली माणसं, म्हातारीचं वाढणं. तिसऱ्याच प्रकरणाला. मी पानाखालचा आकडा बघितला. मागचा बघितला, पुढचा बघितला. तिन्ही ओळीनं होते. ती माणसं पहिल्या थंडीत दरीत गेली होती आणि तेव्हा परत आली होती. गोष्ट तर अजून सुरूच व्हायची होती.

मग मी थांबलेच नाही. ओळी गिळत गेले. खूण बुडाली, यानं आली, म्हातारी म्हणाली तुम्ही व्हा पुढं. आता उरलेली पानं अंगठ्याखाली पातळ होत गेली, पातळ होत गेली, आणि कुणी येईना. शेवटच्या पानावर नुसता खांबाचा शेंडा आणि बर्फ.

कुणी परत येत नाही त्या पुस्तकात. कधीच आलं नव्हतं. चाळीस वर्षं मी ज्या गोष्टीच्या जोरावर बोलत होते, ती मीच दाभणानं शिवलेली होती. आणि तिच्याच जोरावर मी माडीच्या जिन्यावर बसलेल्या म्हातारीला म्हटलं होतं, परत यायचंच हाय की.

तू शेजारी येऊन बसलीस. विचारलंस, "आजी, येतात ना गं परत?" पुस्तकातल्यांबद्दल विचारत होतीस का पणजीबद्दल, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मी म्हणाले, "येत्यात की." आणि पुस्तक मिटून तुझ्या दप्तरात खाली, गणवेशाच्याही खाली सारलं.

मला आता त्या बर्फातल्या म्हातारीचा राग येत नव्हता. तिला काय वाटलं असेल एवढंच मनात यायचं, दिव्याची काच पुसताना. तिनं हाळी मारली असेल का? लेखकानं ते लिहिलेलं नाही. सगळं लिहिलंय, यानाचा पंखासुद्धा लिहिलाय, पण ते नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा दमला. आमचे शेजारी बाळूआण्णा, त्यांचं गुऱ्हाळ वरच्या अंगाला. त्यांनी आणि आजोबांनी गुऱ्हाळातली काहील उचलून पाण्यात घातली. उसाचा रस आटवायची ती अवाढव्य कढई, पण पाण्यावर ठेवली की होडीच. दोघं बांबूनं रेटत गेले. मी शाळेच्या पायऱ्यांवर उभी. तू माझा पदर धरलेला. काहील वळणाआड गेली, मग नुसतं तांबडं पाणी. त्या पाण्यातून एक दार वाहत गेलं, एक भोपळ्याचा वेल मांडवासकट गेला. किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. मी मनात एकच म्हणत होते, आकडे गेले तर जाऊ देत, आकडे गेले तर जाऊ देत. त्याला अर्थ काही नव्हता.

आणि वळणावरून काहील आली. मधोमध सासूबाई, डोक्यावर खताची पिशवी पांघरलेली, गुळाच्या ढेपेसारख्या बसलेल्या. काठाला लागायच्या आधीच त्यांचा आवाज आला. "लई येळ लावलासा. च्या हाय का कुठं?"

आजोबा काहिलीतून उतरले आणि तिथंच पाण्यात खाली बसले. बाळूआण्णा म्हणाले, "माडीवर बसून आमालाच बांबू कसा धरायचा त्ये सांगत हुती म्हातारी." मी सासूबाईंना धरून वर घेतलं. कनवटीला तंबाखूची चंची आणि काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. माझं पुस्तक. मी शिवलेलं. "ह्ये पाण्यात गेलं असतं तर वरीसभर रडत बसली असतीस," म्हणाल्या.

चहा पिताना मी हळूच विचारलं, "आत्ती, भ्याला न्हाईसा?"

"भ्याचं काय त्यात. पुस्तकात येत्यात की परत."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. एक दिवस आणि एक रात्र त्या अंधाऱ्या माडीवर, खाली पाणी, त्यांनी या एका फर्म्यावर काढली होती. तुझं दप्तर माझ्या पायाशी होतं, खरं पुस्तक त्यात होतं. मी म्हणाले, "व्हय की आत्ती." आणि त्या क्षणी बाबांचा अंगठा आठवला, शेवटच्या फर्म्याशी थांबलेला. ज्या माणसानं त्या पुस्तकाच्या शेकडो प्रती हातानं रचल्या होत्या, त्याला कुठला फर्मा कुठं जातो ते ठाऊक नव्हतं होय? शिलाई सरळ हाय, म्हणाले होते.

सासूबाई पुढं दोन वर्षांनी गेल्या. भर उन्हाळ्यात, आपल्या अंथरुणात, कोरड्या. मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तुला मात्र कळलंय. पुस्तक तू पुण्याला नेलंस तेव्हाच मला धाकधूक होती. तेरा वर्षांच्या तुला मी शाळेत खोटं सांगितलं, ते आता अठराव्या वर्षी तू वाचलंस, आणि फोन करून हवा गोठण्याबद्दल बोललीस. मी गप्प बसले, तूही. मग दोन रात्री मी विचार करतेय, तू मला सांभाळून घेतेयस का माझ्यावर रुसलीयस? सांभाळून घेत असशील तर तेही मला नकोय. मी अजून एवढी म्हातारी झालेली नाही. झाले असेन तर तसं तोंडावर सांग.

आजोबा आले बघ ओढ्यावरून. पाय पुसतायत. या खेपेला "हाय तितकंच हाय" नाही, नुसते माडीच्या जिन्याकडं बघून आत गेले. तुझे पप्पा म्हणतात, पावसाळ्यापुरतं तरी पुण्याला चला. मी म्हणते, बघू. कोण बोलतंय हे, ते मला ऐकू येतं की. जिन्यावर बसणारी म्हातारी आता मी झालेय, आणि मला कुणी गोष्ट सांगणारं घरात नाही.

तर ये. एवढंच सांगायला हे सगळं. परीक्षा असू दे, क्लास असू दे, दोन दिवसांची रजा काढ आणि रस्ता चालू आहे तोवर ये. भाकरी-आमटी तुझ्या आवडीची करते, लसणाची चटणी कुटून ठेवलीय. आणि येताना ते पुस्तक घेऊन ये. त्याचा पुठ्ठा सुटलाय, फर्मे मोकळे झालेत म्हणालीस ना? शाळेतली ओल लागली असणार त्याला. टाकू नकोस. मी दाभण काढून ठेवलंय, दोऱ्याला मेण लावलंय. सुईत दोरा मला आता दिसत नाही, तो तू ओवशील. तुझ्या फर्म्यांवर आकडे आहेत, माझ्या फर्म्यांवर नाहीत. दोन्ही पुढ्यात घेऊन बसू. तो शेगडीचा फर्मा कुठं लावायचा, ते तू आल्यावर ठरवू.